अर्धं सूत

गाडी दारात आली तेव्हा कुणीही वळून बघितलं असतं. १९९१ सालची लालभडक माझदा एमएक्स-५, कापडी छत मागे दुमडलेलं आणि खाली सतरा इंची चकचकीत अलॉय चाकं. मालकीणबाई निवृत्त नर्स. वर्षभरापूर्वी त्यांनी ती एका हौशी पोराकडून घेतली होती. तक्रार अशी की ताशी पंचावन्न ते पासष्ट मैलांच्या पट्ट्यात स्टिअरिंग हातात थरथरतं आणि त्यापुढे गेलं की गप्प होतं. "म्हणजे मी कायम सत्तरनंच जावं असं गाडीचं म्हणणं आहे," त्या म्हणाल्या. दोन ठिकाणी चाकांचं बॅलन्सिंग करून झालं होतं. दोन्हीकडे पैसे गेले, थरथर राहिली.

आमचं गॅरेज इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आहे. दोन लिफ्ट, एक जुनं कोलचेस्टर लेथ आणि कधीही न सापडणारं झाकण असलेली चहाची किटली. मालक सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी ते कॅनलीच्या ट्रायम्फ कारखान्यात अप्रेंटिस होते. तिथं मोटारी बनणं १९८० साली थांबलं, पण मालकांच्या बोलण्यातून कारखाना अजून सुटला नव्हता. मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात आप्पांचं टर्निंगचं शेड होतं आणि शाळा सुटली की माझं दप्तर तिथंच एका बाकड्याखाली पडायचं. मालकांनी मला कामावर घेतलं ते मोटारींचं ज्ञान बघून नव्हे. त्यांच्या लेथवर मी पहिल्याच दिवशी एक बुश काढून दिला, त्यावर घेतलं.

आप्पांची एक सवय होती. मी एखादा तुकडा बसवून दाखवला की ते तो हलवून बघायचे नाहीत, उलट मलाच विचारायचे, "बसलं म्हंजे झालं न्हवं रं. टेकलंय कुठं, त्ये सांग." चौदा वर्षांच्या पोराला हा प्रश्न छळवाद वाटायचा. भोकात दांडा गेला, नट आवळला, हलत नाही, मग अजून काय पाहिजे? आज जुन्या स्पोर्ट्स गाड्यांना चाकं बसवणं हेच माझं निम्मं काम आहे. आणि त्या कामात दुसरा प्रश्नच नसतो.

चाक हबवर टेकतं ते तीन ठिकाणी. मागचा सपाट चेहरा हबच्या सपाट चेहऱ्याला भिडतो आणि गाडीचा सगळा भार या दोन चेहऱ्यांमधल्या घर्षणावर तोलला जातो. मधलं मोठं भोक हबच्या उंचवट्यावर बसतं आणि चाक केंद्रात धरतं. नटांचा निमुळता तळ चाकाच्या निमुळत्या खाचेत बसतो. लोकांना वाटतं गाडी स्टडवर लटकलेली असते. तसं नाही. स्टडचं काम चाक हबवर दाबून धरण्याचं. दाब ढिला झाला की मगच स्टडवर आडवा मार येतो, आणि तो त्याला फार काळ सोसत नाही.

बाईंची गाडी लिफ्टवर घेतली आणि आधी नट काढले. सोळांपैकी पाच नट वेगळे निघाले. आटे तेच, बारा मिलिमीटर व्यास आणि दीडचा पिच, पण तळ गोल, वाटीसारखा. होंडाच्या मूळ चाकांना असे गोल तळाचे नट लागतात. माझदाला साठ अंशांचा सरळ निमुळता तळ लागतो. आटे जुळतात म्हणून कुणीतरी डब्यातून हाताला लागले ते पाच फिरवून टाकले होते. गोल तळ निमुळत्या खाचेत गेला की तो फक्त एका बारीक रेषेवर टेकतो. पान्याला घट्ट लागतो, म्हणून फसवतो.

मग मधलं भोक मोजलं. हबचा उंचवटा ५४.१ मिलिमीटर, चाकाचं भोक ६७.१. बाजारातली चाकं मुद्दाम मोठ्या भोकाची ओततात, म्हणजे एकच चाक दहा गाड्यांना विकता येतं. फरक भरून काढायला मध्ये एक कडं घालायचं असतं. इथं चारपैकी एकाही चाकात कडं नव्हतं. चारी बाजूंनी साडेसहा मिलिमीटरची मोकळी हवा. चाक केंद्रात यायचं ते केवळ नटांच्या भरवशावर, आणि त्यातले पाच नट हे असे.

या कड्यांवरून मेकॅनिक लोकांत कायम वाद असतो. नट निमुळते असतील आणि चाक हवेत धरून, आलटून पालटून समोरासमोरचे नट आवळले, तर चाक आपोआप केंद्रात येतं, कडं हवंच कशाला, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. तत्त्वतः त्यांचं खरं आहे. कडं भार घेत नाही, नट पकडेपर्यंत चाकाला जागेवर धरतं एवढंच. पण रस्त्याकडेला पावसात पंक्चर झालेलं चाक बदलणारा माणूस तत्त्वतः काम करत नाही. तो गाडी जॅकवरून खाली उतरवतो आणि मग पाय देऊन नट आवळतो. मी कडं घालतोच. लेथवर ॲल्युमिनियमची चार कडी काढायला मला दुपारच्या चहापर्यंतचा वेळ लागला. मालक शेजारी उभं राहून बघत होते. अशा कामाला ते कधीच बिल लावत नाहीत, आणि मग महिनाअखेरीला कुरकुरतात.

कडी घातली, सोळा नट एका जातीचे लावले, डायल लावून चाक फिरवलं. आधी सुई जवळजवळ एक मिलिमीटर नाचत होती, आता त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर आली. बाई फेरी मारून आल्या. थरथर गेली. पण त्यांचं तोंड काही खुललं नाही.

"आता कळलं, मला ही गाडी आवडतच नाही," त्या म्हणाल्या. "रस्त्यातल्या चरामागे स्टिअरिंग आपलं आपण जातं. खड्डा आला की कंबर सांगते."

खरं काम इथून सुरू झालं.

ही गाडी माझदानं फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली. साठच्या दशकातल्या हलक्या, उघड्या, दोन माणसांच्या ब्रिटिश गाड्यांची चव तिला होती, फक्त तेलगळती वगळून, असं आमचे मालक म्हणतात. तिचं वजन हजार किलोच्या आत. तिला कारखान्यात जे चाक मिळालं ते चौदा इंची, साडेपाच इंच रुंदीचं, सात आऱ्यांचं. इकडं त्याला डेझीचं फूल म्हणतात. नुसतं चाक साधारण साडेपाच किलोचं. आमच्याकडच्या काट्यावर बाईंचं सतरा इंची चाक टायरसकट अठरा किलो भरलं. कोपऱ्यात पडलेलं जुनं डेझी टायरसकट तेरा. दर कोपऱ्याला पाच किलो जास्त, आणि तेही स्प्रिंगच्या खाली, जिथं ते उचलून धरायला कुणी नाही. खड्ड्यात ते पाच किलो वर उसळतात आणि स्प्रिंगला, शॉकॲब्सॉर्बरला नि शेवटी माणसाच्या मणक्याला भेटतात. त्यात टायरची बाजूची भिंत. मूळ टायर १८५/६०, म्हणजे १८५ मिलिमीटर रुंदीच्या साठ टक्के, १११ मिलिमीटर उंचीची रबराची उशी. सतरा इंचीवर २०५/४०, म्हणजे ८२. चांगलं दिसावं म्हणून तीन सेंटिमीटर उशी काढून टाकलेली.

आणि ऑफसेट. मागे ओतीव अक्षरांत 'ईटी' आणि पुढे आकडा असतो तो. मूळ शब्द जर्मन, आइनप्रेसटीफे. चाकाच्या रुंदीची बरोबर मधली रेषा आणि हबला भिडणारा चेहरा यांतलं अंतर. डेझीचा ऑफसेट ४५, या चाकांचा ३५. ऐकायला दहाच मिलिमीटर. पण रुंदीही साडेपाच इंचांवरून सातवर गेलेली. मी बाईंसमोर खडूनं फरशीवर दोन्ही चाकांचा छेद काढला आणि हिशेब मांडला. जुन्या चाकाची बाहेरची कड हबच्या चेहऱ्यापासून २५ मिलिमीटर बाहेर, नव्याची ५४. एकोणतीस मिलिमीटर बाहेर आणि नऊ मिलिमीटर आत. पुढचा मडगार्ड आतून जिथं घासला होता तिथं रंग उडून पत्रा दिसत होता. आत घासत होतं, बाहेर डोकावत होतं.

स्टिअरिंग चरामागे का जातं, तेही या दहा मिलिमीटरांतच आहे. पुढचं चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष जमिनीला एका ठिकाणी भेटतो, आणि टायरचा मध्य जमिनीला दुसऱ्या ठिकाणी. दोहोंतलं अंतर म्हणजे रस्त्याच्या हातातला दांडा. चाक बाहेर ढकललं की दांडा लांब होतो आणि रस्ता तुमच्या हातातलं स्टिअरिंग हिसकायला लागतो. हे सांगताना मला आमच्या आजोळची बैलगाडी आठवत होती. सुतारानं तुंबा जरा बाहेर काढून बसवला की जू बैलांच्या मानेवर हिसके द्यायचं, आणि आजोबा चाकाला नाही, बैलांना शिव्या द्यायचे. बाईंना ते सांगून उपयोग नव्हता. जू म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली असती.

ऑफसेटचं सगळ्यात वाकडं प्रकरण मी पोर्शे ९४४ वर बघितलं. १९८७ च्या मॉडेलपासून त्या गाडीची सस्पेन्शनची मांडणी बदलली आणि चाकांचा ऑफसेट २३.३ वरून ५२.३ झाला. नटांचं वर्तुळ तेच, पाच स्टड आणि १३० मिलिमीटर. चाक सगळ्या गाड्यांवर निमूट चढतं. फरक दिसतो तो चढल्यावर. नवीन चाक जुन्या गाडीवर खोल बुडालेलं आणि जुनं चाक नव्या गाडीवर बोटभर बाहेर. एका गिऱ्हाईकानं १९८६ च्या गाडीसाठी हौसेनं सोळा इंची चाकं मिळवली होती. मी ती उलटी करून आकडा वाचून दाखवला तेव्हा ते बराच वेळ चाकाकडेच बघत उभे राहिले. त्यांना माझा राग आला होता, हे मला कळत होतं.

पण आकडा वाचण्याची ही सवय मला जन्मतः नव्हती. ती ज्या दिवशी लागली तो दिवस सांगायला हवा.

कॉव्हेंट्रीत येऊन मला वर्ष झालं होतं. एक एमजी मिजेट आली होती, ॲबिंग्डनला बनलेली, सत्तरच्या दशकातली. गाडीच्या मालकानं जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आठ आऱ्यांची तेरा इंची चाकं आणली होती. देखणी. मागे खडूनं मोठ्ठं '४' लिहिलेलं. मी समजलो, चार इंच. मिजेटचं, आणि जुन्या मिनीचंही, नटांचं वर्तुळ चार इंची असतं. चाक स्टडवर सहज गेलं. मिजेटचे स्टड तीन-अष्टमांश इंची, बारीक, भोकं ऐसपैस. आवळताना शेवटच्या पाव फेऱ्याला पाना जरा वेगळा लागला, आतून काहीतरी ओढल्यासारखा. हाताला कळलं होतं. पण शनिवार होता, एक वाजत आला होता, आणि मी हाताचं ऐकलं नाही.

पुढच्या शुक्रवारी ते गृहस्थ ताशी पंधरा मैलांनी परत आले. डावं मागचं चाक टकटक वाजत होतं. चारपैकी तीन नट बोटानं फिरले. चाकाच्या खाचा अंड्यासारख्या लांबट झाल्या होत्या आणि एका स्टडचे आटे खाल्ले गेले होते. चाक निखळलं नाही हे त्यांचं नशीब, आणि माझंही.

मालकांनी एक शब्द उच्चारला नाही. व्हर्नियर आणून माझ्या हातात दिला. चार भोकांच्या चाकाचं वर्तुळ मोजणं सोपं, समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर. १०० मिलिमीटर. खडूचा '४' म्हणजे चार भोकं. एकाच साच्यातून ओतलेली चाकं असतात, भोकं मात्र कुठल्या गाडीसाठी हवी तशी पाडतात. ही १०० ची होती. आणि चार इंच म्हणजे १०१.६. फरक १.६ मिलिमीटर. उद्यमनगरच्या भाषेत अर्धं सूत. इंचाचे आठ भाग केले की एक सूत, त्याचं अर्धं. एकेका स्टडच्या वाट्याला पाव सूत. प्रत्येक नट खाचेच्या एकाच बाजूला टेकला होता, बाकी तीन बाजूंना हवा. हलत नव्हता, कारण रेटून बसला होता.

त्या रात्री आप्पांना फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे शांतता. मग म्हणाले, "हाताला कळलं हुतं का?" मी हो म्हणालो. "मंग ठेव आता." त्यांनी फोन ठेवला. पुढचे दोन रविवार घरून फोन आला तो आईचाच.

तर बाईंची गाडी. माझा पहिला विचार साधा होता, कारखान्यात होतं तेच द्यावं. डेझीचा एक संच मिळाला. डायलवर धरला तर चारपैकी दोन चाकं वाकडी. तीस वर्षांत कुठल्या कुठल्या फुटपाथला धडकली असतील. वाकडं चाक ठोकून सरळ करणारे लोक आहेत, पण ओतीव ॲल्युमिनियम एकदा वाकवून परत वाकवायचं हे मला पटत नाही. शिवाय चौदा इंचात चांगल्या टायरची निवड वर्षागणिक रोडावते आहे.

मग दुसऱ्या पिढीच्या एमएक्स-५ ची, १९९८ नंतरच्या गाडीची, कारखान्यातलीच चाकं शोधली. पंधरा इंच, सहा इंच रुंदी, ऑफसेट ४०. वर्तुळ तेच १००. मधलं भोक ५४.१, कड्याची गरजच नाही. नटही तेच. पुन्हा खडू घेतला. बाहेर सव्वाअकरा मिलिमीटर, आत दीडपेक्षाही कमी. २००५ साली आलेल्या तिसऱ्या पिढीची चाकं मात्र अजिबात चालत नाहीत, तिला पाच स्टड आणि ११४.३ चं वर्तुळ. नाव तेच असलं म्हणून चाक तेच असं नसतं, पण हे दर दोन महिन्यांनी कुणाला तरी सांगावंच लागतं.

टायर १९५/५०, पंधरा इंची. मूळ टायरचा व्यास ५७७.६ मिलिमीटर, याचा ५७६. स्पीडोमीटरला कळणारही नाही. भार पेलायचा आकडा दोन्हीकडे ८२, म्हणजे एका टायरला ४७५ किलो. मी आकडेमोड संपवली आणि कागदाकडे बघत राहिलो. ५७७.६ वजा ५७६. १.६. तेच अर्धं सूत. मिजेटच्या नटांत त्यानं एका माणसाचं चाक निखळवलं असतं. इथं, टायरच्या व्यासात, ते हवा भरायच्या पंपाच्या चुकीपेक्षाही कमी होतं. मी ते मालकांना दाखवलं. ते म्हणाले, "तुमच्या गावात मोजायला सूत वापरतात?" मी हो म्हणालो. ते हसले. "आमच्याकडे केस वापरतात," ते म्हणाले आणि टकलावरून हात फिरवला.

बसवण्याआधी एक काम करतो ते बघून नवीन पोरं हसतात. चाकाच्या आत ब्रेकच्या कॅलिपरला किती जागा उरते ते डोळ्यांना दिसत नाही. आऱ्याची मागची बाजू आणि कॅलिपर यांच्यात फट आहे की नाही, हे चाक चढवल्यावर झाकलं जातं. मी घरून कणकेची छोटी गोळी आणतो. कॅलिपरवर चिकटवायची, चाक चढवायचं, नट हातानं लावायचे, चाक एकदा सावकाश फिरवायचं, काढायचं. कणीक जेवढी जाड उरली तेवढी फट. तीन मिलिमीटर म्हणजे एक सूत उरलं तर मी खूश. इथं बोटाएवढी जाड उरली. बायकोची एक तक्रार असते की पोळ्यांच्या कणकेतून गोळी घेऊ नकोस. तिची तक्रार रास्त आहे, कारण उरलेली मी परत आणत नाही.

मग हबचा चेहरा तारेच्या ब्रशनं साफ केला. तीस वर्षांचा गंज असतो तिथं, आणि गंजाच्या पापुद्र्यावर टेकलेलं चाक म्हणजे वाळूवर टेकलेली शिडी. जॅकनं पुढचं सस्पेन्शन पूर्ण वर दाबून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. मधे कागद सरकवून बघितला, कुठंच अडकला नाही. चाकं हवेत असताना नट समोरासमोर आवळले आणि गाडी खाली आल्यावर टॉर्क पान्यानं शंभर न्यूटन-मीटरवर नेले. बाईंना सांगितलं, विमा कंपनीला चाकं बदलल्याचं कळवा आणि पन्नास मैल चालवून परत या.

त्या तिसऱ्या दिवशी आल्या. गाडीतून उतरताना काही बोलल्या नाहीत, पण छत उघडं होतं आणि बाहेर बारीक पाऊस पडत होता. मी पाना घेऊन एका कोपऱ्यातून सुरुवात केली. पंधरा नट जागच्या जागी टिक् वाजले. शेवटचा, डाव्या मागच्या चाकाचा, जरासा फिरला आणि मग वाजला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "आता टेकला."